जुना खासदार, नवा उमेदवार: तुलना कशी करावी?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत खान्देशातल्या चारपैकी तीन मतदारसंघांत विद्यमान खासदार पुन्हा उभे होते. नंदुरबारला डॉ. हीना गावित, धुळ्याला डॉ. सुभाष भामरे आणि रावेरला रक्षा खडसे. रावेरची जागा राहिली, बाकी दोन गेल्या. धुळ्यातला फरक तर अवघ्या ३,८३१ मतांचा होता. जळगावात विद्यमान खासदारांना पक्षाने उमेदवारी दिली नाही, त्यामुळे तिथे दोन्ही प्रमुख उमेदवार लोकसभेसाठी नवे होते. एवढ्या थोड्या मतांनी निकाल फिरू शकतो, म्हणून दोन उमेदवार समोरासमोर ठेवून नीट तपासणं महत्त्वाचं आहे. कोणाला मत द्यावं हे आम्ही सांगणार नाही. तपासायचं कसं, तेवढं सांगतो.

खासदारांच्या पत्रकात पाच वर्षांच्या कामांची यादी असते. समोरचा उमेदवार म्हणतो, काहीच झालं नाही. पण त्याच्याकडे दाखवायला स्वतःचं काही नसतं. मग तुलना कशाची कशाशी करायची?
केळी उत्पादक, सावदा

तुलनेची गाडी अडते ती इथेच, कारण दोघांना एकच माप लावलं जातं. खासदाराला खासदारकीच्या कामावरून जोखायचं आणि आव्हान देणाऱ्याला तो आधी ज्या पदावर होता त्या पदाच्या कामावरून. पुढच्या पाच वर्षांबद्दलचे प्रश्न मात्र दोघांना अगदी तेच, त्याच शब्दांत विचारायचे.

पत्रक हातात घेण्याआधी एक काम करा. तुमच्या गावाच्या आठ-दहा अडचणी कागदावर लिहा आणि प्रत्येकीपुढे ती कोणाच्या हातात आहे ते लिहा. डीपी जळाली, रोहित्र मिळत नाही: महावितरण, म्हणजे राज्य. एसटीची फेरी बंद झाली: राज्य. शिवारातला रस्ता, गावची पाणीयोजना: ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, राज्य. सावदा आणि रावेर स्थानकांतून दिल्लीकडे केळी नेणाऱ्या मालगाडीला डबे मिळणं, गाडीला थांबा मिळणं, रेल्वे फाटकाखालचा भुयारी मार्ग: केंद्र. राष्ट्रीय महामार्ग: केंद्र. सीसीआयचं (भारतीय कापूस महामंडळाचं) कापूस खरेदी केंद्र आणि केळी-कांद्याच्या निर्यातीचे नियम: केंद्र.

तुमच्या फळपीक विम्याचं थोडं गुंतागुंतीचं आहे, म्हणून सविस्तर सांगतो. किती तापमानाला किंवा किती वाऱ्याला भरपाई लागू होते, हे राज्य सरकारच्या अधिसूचनेत ठरतं. योजनेचे मूळ नियम आणि हप्त्यात केंद्राचा वाटा किती, हे दिल्लीत ठरतं. त्यामुळे "तापमानाचे निकष बदलून आणतो" असं लोकसभेचा उमेदवार म्हणाला, तर राज्याच्या कृषी खात्याकडून ते कसं करून घेणार, हे त्याला विचारा. "केंद्राच्या अनुदानावरची मर्यादा उठवायला लावतो" असं म्हणाला, तर तो निदान योग्य दारावर उभा आहे.

ही छाननी झाली की खासदाराच्या यादीतली निम्मी कामं गळतात, कारण ती आमदाराची किंवा जिल्हा परिषदेची असतात. आव्हान देणाऱ्याचे निम्मे आरोपही त्याच कारणाने गळतात. उरतं त्यावर बोलायचं. केंद्रीय विद्यालयातल्या प्रवेशाचा खासदार कोटा २०२२ मध्ये बंद झाला. "माझ्या नातवाला प्रवेश दिला नाही" हा राग त्यानंतरच्या खासदारावर काढू नका.

"हजेरी ९० टक्के, प्रश्न ४००" असं एका पत्रकात वाचलं. हे आकडे किती धरायचे?
शिक्षिका, अमळनेर

आकडे बहुधा खरे असतात. त्यांचा अर्थ लावताना चूक होते.

१७व्या लोकसभेच्या काळात हजेरी म्हणजे मुख्यतः नोंदवहीतली सही होती. सही करून सदस्य सभागृहात किती वेळ बसला, हे त्यातून कळत नाही. १७वी लोकसभा पाच वर्षांत २७४ दिवस बसली आणि सदस्यांच्या हजेरीची सरासरी सुमारे ७९ टक्के होती. कोणाची ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर कारण विचारायलाच हवं. आजारपण असेल, पक्षाचं दुसरं मोठं काम असेल. पण ८५ आणि ९२ यांत फरक शोधत बसण्यात अर्थ नाही.

मंत्र्यांची हजेरी नोंदवली जात नाही आणि ते प्रश्नही विचारत नाहीत, कारण प्रश्नांना उत्तरं देणारे तेच असतात. डॉ. भामरे २०१६ ते २०१९ संरक्षण राज्यमंत्री होते. रक्षा खडसे जून २०२४ पासून राज्यमंत्री आहेत. अशा काळासाठी प्रश्नांच्या रकान्यात शून्य दिसलं तर तो आळस नाही. उलट, मंत्र्याच्या शून्याशेजारी साध्या खासदाराचे ४०० प्रश्न ठेवून छापणारा वाचकाची दिशाभूल करतो. मंत्री असलेल्या खासदाराच्या बाबतीत त्याच्या खात्याचं काम पाहा आणि मतदारसंघातल्या बैठका पाहा.

आता प्रश्नांविषयी. एका सदस्याला एका दिवसासाठी पाच सूचना देता येतात. त्यांतले कोणते यादीत येतील हे सोडतीने ठरतं. दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात. त्यांचं उत्तर मंत्री तोंडी देतो आणि उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित २३० पर्यंत असतात, त्यांचं उत्तर लेखी येतं. एकाच प्रश्नाखाली पाच-सहा सदस्यांची नावं असू शकतात आणि तो प्रत्येकाच्या खात्यात एकेक धरला जातो. म्हणून प्रश्न मोजण्यापेक्षा वाचा. संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने शोध घेता येतो. पीआरएस या संस्थेच्या संकेतस्थळावर हजेरी, चर्चा आणि प्रश्न एकाच पानावर मिळतात.

वर्ग घेता तसंच करा. कोणतेही दहा प्रश्न उघडा. त्यांत मतदारसंघाशी संबंध असलेले किती? केळी, कापूस, तापी, वनहक्क, महामार्ग असे शब्द घालून शोधा. मंत्र्याने "माहिती गोळा करत आहोत" असं उत्तर दिलं असेल, तर पुढच्या अधिवेशनात त्याच विषयावर सदस्याने पुन्हा विचारलं का? एकाच विषयावर तीन अधिवेशनं चिकाटीने विचारलेले चार प्रश्न आम्हाला इकडून-तिकडून उचललेल्या चाळीस प्रश्नांपेक्षा मोलाचे वाटतात. शून्य प्रहर (प्रश्नोत्तरांनंतर तातडीचे विषय मांडायची वेळ) आणि नियम ३७७ खालची निवेदनंही पाहा. स्थानिक अडचणी तिथे जास्त मांडल्या जातात.

खासगी विधेयकांचं, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकांचं, मात्र फार मनावर घेऊ नका. स्वातंत्र्यानंतर संसदेने आजवर अशी १४ विधेयकं मंजूर केली, शेवटचं १९७० मध्ये. विधेयक मांडण्यातून आस्था दिसते. ते मंजूर झालं नाही, हा दोष सदस्याचा नाही. सभागृहातल्या मतदानावरूनही एकट्या खासदाराबद्दल फार कळत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जातं. त्यामुळे ते मत पक्षाचं असतं.

समोरचा उमेदवार माजी आमदार असेल तर हीच मोजणी विधानसभेच्या कामकाजावरून करा: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पावरची भाषणं.

मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग आपणच आणला असं दोन्ही बाजू म्हणतात. खरं कोणाचं?
निवृत्त रेल्वे कर्मचारी, धुळे

तारखा लावून पाहू. १६ फेब्रुवारी २०१९ ला धुळ्यात पंतप्रधानांच्या हस्ते धुळे-नरडाणा टप्प्याचं भूमिपूजन झालं. ३०९ किलोमीटरच्या संपूर्ण मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ ला मान्यता दिली, खर्च १८,०३६ कोटी रुपये. मधल्या जून २०२४ मध्ये धुळ्याचा खासदार बदलला आणि पक्षही बदलला. त्यामुळे दोघांनाही बोट दाखवायला जागा मिळाली.

एवढा मोठा मार्ग दोन राज्यांतून आणि सहा जिल्ह्यांतून जातो. असा निर्णय मंत्रिमंडळाचा असतो आणि त्यामागे अनेक खासदारांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा असतो. एकट्या व्यक्तीच्या नावावर तो लिहिणं चूकच. २५ नोव्हेंबर २०२४ ला जळगाव-मनमाड चौथी मार्गिका आणि भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी मार्गिका मंजूर झाल्या, त्यांचंही तसंच आहे. त्या मार्गावर गाड्यांची दाटी किती आहे, हे तुम्ही नोकरीत पाहिलं असेलच.

"आणला" या शब्दाऐवजी काम कोणत्या पायरीवर आहे ते विचारा. क्रम साधारण असा असतो: मागणी, सर्वेक्षण, सविस्तर प्रकल्प अहवाल, मंत्रिमंडळाची मान्यता, अर्थसंकल्पात तरतूद, भूसंपादन, निविदा, कार्यारंभ आदेश. नारळ यांतल्या कोणत्याही पायरीवर फोडता येतो, आणि गोंधळ नेमका त्यामुळेच होतो. दरवर्षीच्या अर्थसंकल्पानंतर रेल्वेचं 'पिंक बुक' येतं. त्यात झोनवार प्रत्येक कामापुढे त्या वर्षाची रक्कम असते. हजारो कोटींच्या कामापुढे त्या वर्षी काही लाखच दिसले, तर ते काम कागदावर जिवंत आहे, जमिनीवर नाही.

खासदाराचं स्वतःचं श्रेय लहान कामांत सापडतं: एखाद्या गाडीचा प्रायोगिक थांबा, पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या भुयारी मार्गाची दुरुस्ती, भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे लावलेल्या बैठका. अशा कामांना पत्र असतं, पत्राला तारीख असते. मान्यतेच्या आधीचं पत्र म्हणजे पाठपुरावा. मान्यतेनंतरचं पत्र म्हणजे अभिनंदन. ही तारीख दोन्ही बाजूंना मागा.

खासदार निधी पाच वर्षांचे २५ कोटी. आमच्या खासदारांनी निम्मेही खर्च केले नाहीत असं विरोधी उमेदवार सांगतो. आम्हाला मागूनही सभामंडप मिळाला नाही.
सरपंच, यावल तालुका

२५ कोटींचा हिशेब २०१९ ते २०२४ या काळाला लागू होत नाही. निधी वर्षाला ५ कोटी आहे हे बरोबर. पण कोविडमुळे २०२०-२१ चा निधी पूर्ण थांबवला गेला आणि २०२१-२२ मध्ये उरलेल्या महिन्यांसाठी फक्त २ कोटी मिळाले. म्हणजे ५, शून्य, २, ५, ५, एकूण १७ कोटी. भागाकार १७ ने करा. २५ ने केलात तर चांगलं काम करणारा खासदारही नालायक दिसेल.

दुसरी खोच अशी की खासदार फक्त शिफारस करतो. मंजुरी जिल्हा प्रशासन देतं आणि काम कोणती यंत्रणा करणार हेही तेच ठरवतं. त्यामुळे एकाच खासदाराचे तीन आकडे असतात: शिफारस केलेली रक्कम, मंजूर रक्कम आणि खर्च झालेली रक्कम. शिफारसच कमी असेल तर दोष खासदाराचा. शिफारस भरपूर पण मंजुरी अडलेली असेल तर जिल्हा नियोजन कार्यालयात विचारा. मंजुरी आहे आणि खर्च नाही, तर बांधकाम विभाग किंवा ठेकेदार. विरोधी उमेदवार यांतला कोणता आकडा सांगतोय, हे आधी त्याच्याकडून वदवून घ्या. १ एप्रिल २०२३ पासून हा निधी 'ई-साक्षी' या प्रणालीतून जातो, त्यामुळे नव्या कामांचा माग काढणं सोपं झालं आहे.

जुन्या कामांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज जिल्हा नियोजन कार्यालयात द्या. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. आपल्या राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांपर्यंत. "सर्व माहिती द्यावी" असं लिहिलंत तर अर्ज फिरतच राहील. रकाने सांगा: कामाचं नाव, गाव, शिफारशीची तारीख, मंजुरीची तारीख, मंजूर रक्कम, खर्च, सद्यःस्थिती. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. रावेर मतदारसंघातला मलकापूर भाग बुलढाणा जिल्ह्यात येतो, तसे धुळे मतदारसंघातले मालेगाव आणि बागलाण नाशिक जिल्ह्यात. त्या गावांतली कामं तिथलं जिल्हा प्रशासन करतं, म्हणून सगळा हिशेब एकाच कचेरीत मिळेल असं धरू नका.

निधीच्या नियमानुसार किमान १५ टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या वस्तीसाठी आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्तीसाठी सुचवावी लागते. ५ कोटींत ते ७५ लाख आणि साडेसदतीस लाख होतात. यावल-चोपड्याच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर हा दुसरा हिस्सा पोचला का, हे तपासण्यासारखं आहे. तुमचा सभामंडप मंदिराच्या आवारात असेल तर तो या निधीतून होतच नाही. धार्मिक स्थळाच्या जागेवर कामाला मनाई आहे. गावठाणातल्या सार्वजनिक जागेवर समाजमंदिर मागा.

५ कोटी सहा विधानसभा क्षेत्रांत वाटले तर प्रत्येकाला वर्षाला ८३ लाख येतात. एका बऱ्या रस्त्याचे पैसे. म्हणून सगळी तुलना निधीवर टांगू नका. त्याहून महत्त्वाची आहे जिल्ह्याची 'दिशा' समिती. अध्यक्ष खासदार, सदस्य सचिव जिल्हाधिकारी, आणि बैठक दर तिमाहीला व्हायला हवी. घरकुल, जलजीवन, रोजगार हमी अशा केंद्राच्या योजनांची झाडाझडती तिथे घेता येते. वर्षातून चार बैठका झाल्या का, आणि मागच्या इतिवृत्तातल्या प्रश्नांचं पुढच्या बैठकीत काय झालं, याची प्रत मागवा. खासदाराचं खरं वजन तिथे कळतं. या समितीबद्दल प्रचारात कोणी बोलत नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं.

शपथपत्रात एकाची संपत्ती पाच वर्षांत दुप्पट झालेली दिसते. दुसऱ्यावर नऊ गुन्हे आहेत. कोणाला वाईट म्हणायचं?
कायद्याचा विद्यार्थी, चोपडा

दोन्ही ओळी जशाच्या तशा घेऊन निकाल देऊ नका.

शपथपत्र म्हणजे उमेदवारी अर्जासोबत द्यायचा नमुना २६. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते पूर्ण मिळतं. विद्यमान खासदाराची मागची आणि आताची, दोन्ही प्रती उतरवून शेजारी ठेवा. आव्हान देणाऱ्याने आधी विधानसभा किंवा जिल्हा परिषद लढवली असेल तर त्याचीही जुनी प्रत काढा.

संपत्तीचा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने करू. समजा एकूण मालमत्ता २ कोटी ४० लाखांवरून ५ कोटी १० लाख झाली. दोन्ही प्रतींतले गट क्रमांक जुळवले, तर तीच शेतजमीन आधी दीड कोटीची होती, आता ३ कोटींची लिहिली आहे. ही वाढ बाजारभावाची आहे, ती बाजूला काढा. उरलं ९० लाखांचं २ कोटी १० लाख, म्हणजे खरी भर १ कोटी २० लाखांची. आता त्याच नमुन्यात स्वतःचं आणि जोडीदाराचं पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न असतं, त्याची बेरीज करा. समजा ती ८५ लाख आली आणि कर्ज ३० लाखांनी वाढलेलं आहे. दोन्ही मिळून १ कोटी १५ लाख. यातून घरखर्च वजा जायचा, त्यामुळे थोडी तफावत दिसते आणि प्रश्न विचारायला जागा आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, त्यामुळे बागायतदार उमेदवाराच्या विवरणपत्रातला आकडा मुळातच लहान दिसू शकतो. त्याला केळी किती एकर आहे ते पाहून बोला. जोडीदार आणि अवलंबितांचे रकाने वगळून तुलना करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

गुन्ह्यांत कलमं वाचा. रास्ता रोको, जमावबंदी मोडणं, आदेश न पाळणं: जुन्या दंडविधानात १४३, ३४१, १८८. विरोधात बसलेल्या आणि आंदोलनं करणाऱ्या माणसावर असे सात-आठ गुन्हे सहज असतात. ४२० फसवणूक, ४०९ विश्वासघाताने अपहार, ३०७ खुनाचा प्रयत्न ही वेगळी गोष्ट आहे. पतसंस्थांत ठेवी अडकलेल्या जिल्ह्याला ४०९ म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे क्रमांक लागतात: फसवणूक ३१८, विश्वासघात ३१६, खुनाचा प्रयत्न १०९, आदेशभंग २२३. आकडे वेगळे दिसले म्हणून गुन्हा वेगळा समजू नका. कलमानंतर पाहायचं ते आरोपनिश्चिती झाली की नाही. न्यायालयाने आरोप निश्चित केले असतील तर प्रकरण नुसत्या तक्रारीच्या पुढे गेलं आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार उमेदवाराने आपले गुन्हे प्रचारकाळात वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर तीन वेळा जाहीर करायचे असतात. फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार असाच उमेदवार का निवडला, याचं कारण पक्षाने द्यायचं असतं आणि "निवडून येण्याची क्षमता" एवढंच कारण चालत नाही. ते निवेदन शोधून वाचा. शपथपत्रातला रकाना कोरा ठेवता येत नाही. २०१३ च्या निकालानंतर, सूचना देऊनही रकाना कोरा राहिला तर अर्ज बाद होऊ शकतो. खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

समोरचा उमेदवार कधीच कुठल्या पदावर नव्हता. मग?
वाचक, नंदुरबार

२०२४ मध्ये तुमच्याकडे हेच होतं. गोवाल पाडवी पेशाने वकील, पहिल्यांदाच निवडणूक लढवत होते. धुळ्यात उलट. डॉ. शोभा बच्छाव माजी राज्यमंत्री आणि नाशिकच्या माजी महापौर, म्हणजे तपासायला मागचं काम होतं.

पद नसलं तरी माणूस काहीतरी चालवत असतो. पतसंस्था, सूतगिरणी, बाजार समिती, शिक्षण संस्था, कारखाना. सहकारी संस्था असेल तर लेखापरीक्षणाचा वर्ग विचारा: अ, ब, क की ड, आणि मागच्या तीन वर्षांत तो चढला की उतरला. सभासदाला सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली संस्थेची कागदपत्रं पाहता येतात. कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर होतात का, हे गावात विचारलं तरी कळतं. यांतलं काहीच नसेल तर त्याच्या बाजूला कोरी जागा सोडा. अंदाजाने गुण देऊ नका आणि कापूही नका.

आमचं तरुण मंडळ दोन्ही उमेदवारांची तुलना छापून वाटणार आहे. काही अडचण येईल का?
एरंडोल

नियम पाळलेत तर येणार नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ नुसार पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं आणि पत्ते हवेत. प्रकाशकाने सही केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीने, छापखान्याला द्यायचं. छापल्यावर मुद्रकाने घोषणापत्राची आणि पत्रकाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवायची. हे चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. छापखानेवाला "चालतं हो" म्हणाला तरी ऐकू नका.

खर्च मंडळाच्या वर्गणीतून करा. एखाद्या उमेदवाराच्या फायद्यासाठी त्याच्या लेखी परवानगीशिवाय खर्च करणं हाही गुन्हा आहे, म्हणून पत्रक खरोखर दोन्ही बाजूंचं असू द्या: तेच मुद्दे, तितकीच जागा, तोच टाइप. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला ते लिहा. छापण्याआधी दोघांच्याही कचेरीत प्रत देऊन दोन दिवसांत दुरुस्ती मागवा आणि पोच घ्या. उमेदवाराच्या खासगी आयुष्याबद्दल ऐकीव ओळ एकही नको. मतदानाआधीच्या ४८ तासांत वाटप बंद ठेवा. मतदान केंद्राच्या १०० मीटरच्या आत तर खिशातूनही काढू नका.

मुलगी मिशिगनला असते. तिथल्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकीत विद्यमान आणि नवा उमेदवार कसा पारखायचा, असं तिने विचारलं आहे. तेच नियम लागतात का?
चाळीसगाव

बरेच बदलतात. तिथल्या प्रतिनिधीगृहात ४३५ जागा आहेत आणि मुदत फक्त दोन वर्षांची. त्यामुळे विद्यमान सदस्य जवळजवळ कायम प्रचारातच असतो. आणि बहुतेक वेळा विद्यमान सदस्यच परत निवडून येतो.

मोठा फरक मतदानाचा. तिथे आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. ज्या विधेयकावर नोंदवलेलं मतदान होतं, त्यावर सदस्याने होय म्हटलं की नाही, हे त्याच्या नावानिशी प्रसिद्ध होतं आणि पक्षाविरुद्ध मत दिलं तरी सदस्यत्व जात नाही. म्हणजे आपल्याकडे ज्या नोंदीवरून फार कळत नाही, तीच तिथे पहिली वाचायची. तिला महत्त्वाच्या वाटणाऱ्या पाच विधेयकांवर विद्यमान सदस्याने काय मत दिलं ते काढायचं आणि आव्हान देणाऱ्याला विचारायचं, तुम्ही काय दिलं असतं.

दुसरा फरक पैशाचा. आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ९५ लाखांची खर्चमर्यादा आहे. तिथे उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा नाही, देणगीला आहे. २०२५-२६ साठी एका व्यक्तीला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलर देता येतात, आणि प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) व मुख्य या दोन वेगळ्या निवडणुका धरतात. २०० डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्याचं नाव आणि नोकरीधंदा जाहीर होतो. पैसा मतदारसंघातून आला की बाहेरून, हे त्या यादीत दिसतं.

तिसरी गोष्ट, खरी लढत कधी आहे ते ओळखायचं. मिशिगनच्या १३व्या मतदारसंघातून बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये निवडून आले. डेट्रॉइटचा मोठा भाग असलेला हा मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा भक्कम गड आहे. त्यामुळे ऑगस्टमधल्या प्राथमिक निवडणुकीत जो जिंकतो तो नोव्हेंबरातही जवळजवळ जिंकलेलाच असतो. २०२४ मध्ये त्यांच्याविरुद्ध उतरू पाहणाऱ्या अॅडम हॉलिअर यांचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही, कारण लागणाऱ्या १,००० वैध सह्या भरल्या नाहीत. आव्हान देणारा एवढी जुळवाजुळव करू शकतो का, हीसुद्धा एक पारख आहे.

मुलीकडे नागरिकत्व असेल तरच मत देता येईल. ग्रीनकार्डावर देणगी देता येते, मत नाही. तुम्ही तिच्याकडे पर्यटक म्हणून गेलात तर एक डॉलरही देऊ नका. परदेशी नागरिकाची देणगी तिथे बेकायदा आहे, मग ती मुलीच्या नावाने दिली तरी.